मामा, प्लंजरला पॉलिश पेपर लावू नका

परवा रात्री मामांचा फोन आला. “झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणून ठेवलाय, रविवारी ये.” त्यांची 1983 ची मर्सिडीज 230ई महिनाभर सकाळी थंड असताना धड सुरू होत नाही. त्यावर इलाज म्हणून कुणीतरी त्यांना ‘जुन्या गाडीचं मेकॅनिकल इंजेक्शन घरच्या घरी ठीक करा’ हा फॉरवर्ड पाठवला होता. मलाही तो तीन ग्रुपवर येऊन गेलाय. तेव्हा हसून सोडून दिला, पण आता गाडी घरातली आहे.

फॉरवर्ड म्हणतो, “फ्युएल डिस्ट्रिब्यूटर खोला, आतला दांडा पॉलिश पेपरने चकाचक करा, गाडी नव्यासारखी.”

हा डिस्ट्रिब्यूटर ठिणगीचा नव्हे, पेट्रोल वाटणारा. मामांच्या गाडीतल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक या मेकॅनिकल इंजेक्शनमध्ये पेट्रोल थांबून थांबून नाही, सतत फवारलं जातं, आणि किती फवारायचं ते हा दांडा, म्हणजे प्लंजर, ठरवतो. तो ज्या नळीत सरकतो तिला प्रत्येक सिलिंडरसाठी एक चीर असते. बॉशच्याच तांत्रिक पुस्तिकेत त्या चिरेची रुंदी दिली आहे: सुमारे 0.2 मिलिमीटर. प्लंजरची एकच धार वर जाताना सगळ्या चिरा एकदम उघडत जाते. दांडा आणि नळी ही एकमेकांना घासून जुळवलेली जोडी असते, त्यातला एकटा दांडा बदलूनही चालत नाही. आणि तुम्ही तिथे पॉलिश पेपर फिरवणार? धार बोथट झाली की आयडलिंगलाच हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. फट वाढली की पेट्रोल खाली झिरपून हवा जाण्याच्या वाटेवर ठिबकतं. असा ‘चकाचक’ केलेला एक प्लंजर मी पाहिलाय. त्या गाडीचे चारही प्लग काजळीने काळे होते आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला.

प्लंजर चिकटलाच असेल तर डिस्ट्रिब्यूटर उतरवून तो हळूच हातात घ्यायचा (खालून निसटतो, फरशीवर पडला की संपलं), क्लीनरमध्ये भिजवायचा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचा. गंजाचे खड्डे दिसले तर पुढचं काम टेस्ट बेंच असलेल्या माणसाचं.

पण मुळात तो खोलायचाच कशाला? थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून वॉर्म-अप रेग्युलेटर सुरुवातीला प्लंजरवरचा दाब कमी ठेवतो आणि आतली पट्टी तापत गेली की साधारण 3.7 बारपर्यंत वाढवतो. त्या रेग्युलेटरची बारीक जाळी कचऱ्याने तुंबली तर थंडीतही दाब चढाच राहतो आणि गाडी रडते. मामांच्या गाडीची लक्षणं मला तरी तशीच वाटतात. दाब मोजायचं गेज लावलं की दहा मिनिटांत कळेल. फॉरवर्डमध्ये गेजचा उल्लेखसुद्धा नाही.

फॉरवर्डचा पुढचा सल्ला: “मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवा.” कुठल्या दिशेने, ते गुलदस्त्यात. शिवाय तो फिरवायची 3 मिलिमीटरची ॲलन की आत असताना रेस दिली तर आतला लिव्हर वाकू शकतो.

“टाकीत थोडं रॉकेल घाला.” ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोकायला लागतं. पुढे.

“इथेनॉलमुळे वाट लागते.” बरं, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर त्यात टिकत नाही, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर प्लंजरला गंज धरू शकतो. पण मग उपाय होसपाइप बदलणं आणि गाडी फिरवत राहणं हा आहे, घासणं नव्हे.

शेवटचा सल्ला सगळ्यात धोक्याचा: “नाहीतर सगळं काढून कार्बोरेटर बसवा, पंप तोच चालतो.” तोच पंप? तो सिस्टिमला 5 बारच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अर्धा बारही धड पेलत नाही. पेट्रोल उतू जाऊन गरम इंजिनावर सांडेल, आणि वर ठिणगी आहेच.

तर मामा, रविवारी येतोय. एका मित्राकडून गेज मागवलंय. तोपर्यंत तो पॉलिश पेपर मामींच्या ताब्यात द्या.