सांगून जायला काय झालं होतं?

रानावनात अडकलेल्या माणसाचा सिनेमा बघायचा तर एक अट असते. तो माणूस वाचावा असं आपल्याला मनापासून वाटलं पाहिजे. डॅनी बॉयलचा २०१० सालचा ‘१२७ अवर्स’ बघताना सुरुवातीला माझं मन साफ त्याला अडकवणाऱ्या दगडाच्या बाजूने होतं.

हट्ट चिरंजीवांचा. त्यांना अलीकडे सह्याद्रीची बाधा झालीय. ‘पोहोचलो की फोन करतो’ म्हणून शनिवारी रात्री निघतात आणि थेट रविवारी चिखलासकट दारात उभे राहतात. ‘आज्जी, संगीत रहमानचं आहे, ऑस्करची दोन नामांकनं होती,’ असं गाजर दाखवून त्याने आईलाही सोफ्यावर आणून बसवलं. आईला वाटलं, गाणी असतील.

नायक अ‍ॅरन राल्स्टन. खरा माणूस, खरी घटना. साहेब सामान भरताहेत, घरचा फोन वाजतोय, हे उचलत नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर चांगला स्विस चाकू पडलेला. हे खालून नुसतेच हाताने चाचपतात, चाकू बोटभर अंतरावर राहतो आणि हे निघून जातात.

‘अरे, स्टूल घे की!’ मी ओरडलो.

‘बाबा, सिनेमा आहे.’

पुढे सायकलवरून सपशेल आडवे होतात, तर उठायच्या आधी हसत स्वतःचा फोटो काढतात. ‘मेल्याला कोणी विचारणारं नाही का घरी?’ आई म्हणाली. आहेत ना, सगळे आहेत. पण २६ एप्रिल २००३ च्या त्या शनिवारी युटामधल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटं जाताना याने त्यातल्या एकालाही पत्ता लागू दिला नव्हता. अरुंद घळीत उतरताना सुमारे ३६० किलोचा दगड निसटला आणि उजवा हात भिंतीत चेचून बसला. जवळ थोडंसं पाणी, दोन बरिटो, म्हणजे मेक्सिकन पोळीच्या गुंडाळ्या.

‘हा करतो काय?’

‘मेकॅनिकल इंजिनीअर, आज्जी. इंटेलमध्ये होता. डोंगर चढायला नोकरी सोडली.’

यावर आई काहीच बोलली नाही. फक्त नातवाकडे बघितलं. नातवाने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग इंजिनीअरिंग सुरू झालं. दोर बांध, कड्या अडकव, दगड ओढ. दगड हलायला तयार नाही. पुढे तोच दगड हलवायला १३ माणसं, विंच आणि हायड्रॉलिक जॅक लागला, म्हणजे त्यात याचा दोष नाही, हे मान्य. पण हत्यार? टॉर्चवर फुकट मिळतं तसलं, चिल्लर कापाकापीच्या लायकीचं. त्यात ते दगडावर घासघासून होती नव्हती ती धारही घालवली. मला सोफ्यावर बसवेना. दगडाखाली तो होता आणि पाठ माझी धरली. मध्येच हा व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर स्वतःचीच मुलाखत घेतो आणि कुणाला सांगून आलो नाही हे कबूल करत ‘ऊप्स’ म्हणतो. पाच दिवस सात तासांच्या हालांना ‘ऊप्स’! आमच्याकडे दूध उतू गेलं तरी यापेक्षा मोठा पश्चात्ताप होतो.

आणि मग अडकलेला हात कापायचा तो प्रसंग आला. सह्याद्रीच्या छाव्याने उशी तोंडावर घेतली. मी छताच्या पंख्याचं बारकाईने निरीक्षण करू लागलो. ही ‘भाताकडे बघते’ म्हणून उठली. भात केव्हाच झाला होता. जन्मभर विळीवर सुरमई केलेली आई मात्र चष्मा नीट करून पुढे सरकली.

‘हाडावर नाही रे चालणार ती सुरी. आधी हाड मोड.’

त्याने खरंच तसंच केलं. हात पिळून आधी हाडं मोडली, मग कापायला घेतलं.

‘हां,’ आई म्हणाली.

‘झालं का?’ उशीतून आवाज आला.

‘थांब, शीर राहिलीय.’

सुटल्यावर हा एका हाताने दोरावरून वीसेक मीटर कडा उतरला आणि उन्हात चालत सुटला. वाटेत एक डच कुटुंब भेटलं. त्यांनी पाणी दिलं. प्रत्यक्षात ओरिओ बिस्किटंही दिली होती, ही माहिती उशीतून आली. ‘रक्त एवढं गेलंय आणि बिस्किटं?’ आईने कपाळाला हात लावला. मग हेलिकॉप्टर आलं. चिरंजीवांनी तोंड बाहेर काढून सांगितलं की मुलाचा पत्ता नाही म्हटल्यावर त्याच्या आईने हलवाहलव केली होती, म्हणून ते आधीपासूनच शोधत होतं.

‘बघ,’ आई एवढंच म्हणाली. पण कुणाला म्हणाली ते कळायला मान वळवायची गरज नव्हती.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली. हा बाबा अजूनही डोंगर चढतो, पण आता कुठे जातोय त्याची चिठ्ठी ठेवून जातो. नातवाने मोठ्या उत्साहाने मराठीत सांगितलं.

‘चिठ्ठी?’ आई म्हणाली. ‘म्हणजे फोन अजून उचलत नाहीच!’