खुलासा : 'प्रथिने शिसे बाहेर काढतात' हा संदेश पुढे पाठवू नका

'मेटॅलोथायोनिन हे प्रथिन शिसे पकडून लघवीवाटे बाहेर टाकते. प्रोटीन पावडर आणि जस्ताच्या गोळ्या घ्या, आठवड्यात रक्त स्वच्छ' असा संदेश फिरतो आहे. यातले 'पकडते' एवढेच खरे.

मेटॅलोथायोनिनमध्ये गंधकयुक्त सिस्टीन भरपूर असते, म्हणून ते धातू धरून ठेवते. पण धरणे म्हणजे बाहेर टाकणे नव्हे. रक्तातले सुमारे 99 टक्के शिसे तांबड्या पेशींत असते आणि तिथे ते मुख्यतः 'अलाड' या विकराला (एन्झाइमला) चिकटते. हे विकर हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, तयार करण्याच्या साखळीतले. शिसे त्यातल्या जस्ताला हुसकावते आणि विकर बंद पडते. म्हणजे इथे प्रथिनाला चिकटणे हीच इजा! रक्तातले शिसे निम्मे व्हायला साधारण महिना लागतो, हाडांतले निम्मे व्हायला दशके. प्रौढांच्या शरीरातले 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते.

शंका असेल तर शिरेतले रक्त देऊन शिशाची पातळी तपासा आणि आधी स्रोत बंद करा. मुलांत 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासून सक्सिमरसारखे शिसे बांधून बाहेर काढणारे औषध देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते, त्यामुळे ती कमतरता जरूर भरून काढा. पावडरीच्या भरवशावर तपासणी लांबते, म्हणून मूळ संदेश कृपया थांबवा.