एकच घ्या, पण भारी घ्या

तुमच्या कपाटात सध्या घड्याळं किती आहेत, मोजा बरं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं सोनेरी पट्ट्याचं एक. कंपनीत दहा वर्षं काढल्याबद्दल मिळालेलं, डायलवर कंपनीचं बोधचिन्ह असलेलं एक. रोजचं एक. आणि ट्रेकला न्यायचं, रबरी पट्ट्याचं एक. चार झाली. म्हणजे चार सेल, चार पट्टे आणि घराबाहेर पडताना रोज एक निर्णय. एवढी डोकेफोड हवी कशाला? त्यापेक्षा एकच घ्या, पण भारी घ्या. राजगडावरही शोभेल आणि पुतणीच्या रिसेप्शनलाही शोभेल असं. मी तेच केलं. अकरा लाख चाळीस हजार गेले, पण चार सेलांचा खर्च कायमचा वाचला.

ही कल्पना माझी नाही, तिला मोठा इतिहास आहे आणि तो तुम्हाला पाठ असायलाच हवा, कारण घड्याळ दाखवायची संधी वर्षातून दोनदा येते, इतिहास मात्र कुणी न विचारताही सांगता येतो. सुरुवात आपल्याकडूनच करा. हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पोलो खेळायचे आणि चेंडू-काठीच्या तडाख्यात त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. त्यांनी गाऱ्हाणं केलं, म्हणून १९३१ साली जेगर-लकुल्त्र या स्विस कंपनीचं रिव्हर्सो नावाचं घड्याळ जन्माला आलं असं सांगतात. खेळताना डबी सरकवून उलटी करायची, काच आत, पोलाद बाहेर. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुन्हा सुलटी. घोड्यावर तेच, मेजवानीतही तेच. आज ते घड्याळ ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या किती जणांकडे घोडा आहे, हे विचारू नये.

मग १९७२ वर या. जेराल्ड जेंटा नावाच्या कलाकारानं ऑडेमार पिगे या स्विस कंपनीसाठी रॉयल ओक नावाचं घड्याळ काढलं. पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखी अष्टकोनी कडा, त्यात उघडे दिसणारे आठ स्क्रू, आणि सगळं पोलादाचं. किंमत ३,३०० स्विस फ्रँक, म्हणजे सोन्याच्या घड्याळाला मागे टाकणारी. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच जेंटाकडून पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीनं नॉटिलस करून घेतलं. जहाजाच्या गोल खिडकीसारखं, १२० मीटर पाण्यात टिकणारं. जाहिरातीत म्हटलं होतं की हे पाणबुड्याच्या वेटसूटवर जितकं चालतं तितकंच मेजवानीच्या सूटवर. आपल्याकडे वेटसूटच्या जागी स्कूटरवरचा रेनकोट धरावा. आणि जगातल्या सर्वांत महाग घड्याळांपैकी एक पोलादाचं आहे, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट जाहिरातीत मिरवली. आपल्या घरात हे वाक्य मिरवून काय होतं, ते पुढे सांगतो.

आधी खरेदी. दुकानात जाऊन पैसे दिले की वस्तू मिळते, ही तुमची समजूत दुकानाबाहेर चपलांशेजारी काढून ठेवा. काचेच्या पेटीत घड्याळ असतं, पण ते ‘प्रदर्शनासाठी’ असतं. काळ्या सुटातला मुलगा तुम्हाला सोफ्यावर बसवतो, कॉफी देतो, तुम्ही काय करता ते विचारतो, कुठे राहता ते विचारतो. स्थळ बघायला गेल्यासारखं वाटतं, फक्त पोहे नसतात. मग नाव लिहून घेतो आणि आवाज खाली आणून सांगतो की यादी मोठी आहे, पण आमच्याकडे आधी काही खरेदी झालेली असली तर विचार लवकर होतो. म्हणजे जे घड्याळ हवं ते मिळण्यासाठी आधी नको असलेलं घड्याळ घ्यायचं. पुणेरी दुकानदार माल असून विकत नाहीत म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना नावं ठेवली. तीच गोष्ट गारेगार हवेत, कॉफी देऊन केली की तिला प्रतिष्ठा येते. चौदा महिने मी वाट पाहिली. म्हाडाच्या लॉटरीत निदान नंबर तरी जाहीर होतो.

पैसे भरताना एक गोड धक्का बसेल, तो आनंदानं सोसा. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर दुकानदार एक टक्का कर गोळा करून घेतो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, त्यामुळे रकमेचं दुःख नको. सुख वेगळंच आहे. त्या सरकारी यादीत तुमच्या घड्याळाच्या शेजारी कोण बसलंय ते पाहा: यॉट, हेलिकॉप्टर, जुनी चित्रं, शर्यतीचा घोडा. आणि पोलोचा घोडासुद्धा! इंग्रज गेले, पण आयकर खात्यानं घोडा आणि घड्याळ पुन्हा एका रांगेत आणून बसवले. पावती जपून ठेवा, पाहुण्यांना घड्याळापेक्षा तीच लवकर पटते.

काही सल्लागार बायकोला किंमत सांगताना एक शून्य गाळा म्हणतात. हे हलकट आहे आणि बँकेचा मेसेज तिच्याही मोबाईलवर येतो. खरं सांगा. मी सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं मनात सोन्याचा भाव धरला, ओठ हलवत तोळे काढले आणि मग शांतपणे विचारलं, “आणि हे सोन्याचं नाहीच?” मी म्हटलं, पोलादाचं आहे. “म्हणजे स्टीलचं. आपल्या डब्यांचं असतं ते.” मी तिला समजावलं की डब्यावर ३०४ चा शिक्का असतो, हे ३१६एल आहे, खाऱ्या पाण्यातही गंजत नाही. ती आत गेली, लोणच्याची स्टीलची बरणी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. बारा वर्षं मिठात आहे म्हणाली.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे रांगडा वापर. घड्याळ शंभर मीटर पाण्यात टिकतं, काच नीलमण्याची म्हणजे हिरा सोडून बहुतेक कशानंही न चरणारी. मग न्या की गडावर. मी नेलं. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात गाडी लावेपर्यंत ते माझ्या मनगटावर होतं आणि स्टिअरिंगवर फार सुरेख दिसत होतं. चोर दरवाजाच्या खाली खडकाला हात लावायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की काच चरत नाही हे खरं, पण कडा चरते, पट्ट्याचं कुलूप चरतं, आणि लोखंडी रेलिंग कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही. घड्याळ काढलं. सॅकमधून जादा मोजा काढला, घड्याळ मोज्यात घातलं, मोज्याला गाठ मारली आणि मोजा हातात धरला, कारण सॅकमध्ये ठेवला तर सॅक आपटते. राजगडाचा तो अवघड टप्पा मी एका हातानं चढलो. शिवकाळातही हे धाडस फार कुणी केलं नसेल.

पद्मावती माचीवर ताक विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. मी ग्लास घेतला आणि दुसऱ्या हातानं मोजा छातीशी धरून दर दोन मिनिटांनी चाचपत होतो. मावशींनी बराच वेळ पाहिलं. मग कळवळून म्हणाल्या, “दादा, शुगरचं इंजेक्शन हाय का त्यात? सावलीत ठिवा, उन्हानं खराब व्हतं.” मी मोजा सावलीत ठेवला. तेवढ्यात खालून आलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, काका, किती वाजले? मी खिशातून मोबाईल काढला आणि सांगितलं.

घरी येताना मी अक्कल वापरली आणि ट्रेकसाठी कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घेतलं. १९८९ पासून मिळतं, वजन एकवीस ग्रॅम, कुठेही आपटा. भारी घड्याळ जिथे जाऊ शकतं, पण न नेलेलं बरं, अशा जागी ते घालायचं. तुम्हीही लगेच घ्या. शिवाय एक चामडी पट्टा, एक रबरी पट्टा, पट्टे बदलायचं बारीक हत्यार आणि ते हत्यार घसरून कडेवर पडणाऱ्या चऱ्यासाठी पॉलिशचं कापड. कपाटातली जी जागा वाचली, ती अशी कामाला येते.

आता नटून-थटून जायचा प्रसंग. पुतणीचं लग्न, मंगल कार्यालय, शेरवानी. शेरवानीची बाही मनगटाच्या खाली दोन बोटं येते. घड्याळ आत, जग बाहेर. अक्षता टाकताना हात उंचावला की बाही मागे सरकेल असा माझा हिशेब होता, पण अक्षता टाकायच्या उजव्या हातानं आणि घड्याळ डाव्या. डाव्यानं टाकल्या असत्या तर भटजींनी मंगलाष्टकं तिथेच थांबवली असती. पाच कडवी मी डाव्या हातानं बाही वर करायचा प्रयत्न डाव्याच हातावर करत होतो. जमत नाही, करून पाहा.

पण देव दयाळू आहे आणि पंगत नावाची सोय त्यानं केलेली आहे. वाढायला उठा! भांडं डाव्या हातात, पळी उजव्यात. भांडं धरलेलं मनगट प्रत्येक पानासमोर, बरोबर जेवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, तीन-तीन सेकंद थांबतं. एवढं हक्काचं प्रदर्शन जिनेव्हाच्या घड्याळांच्या मेळ्यातही होत नसेल. शेरवानीची बाही दुमडली तरी कामसू माणूस म्हणून कौतुकच होतं. माझी चूक एकच झाली, मी जिलेबी सोडून मठ्ठा घेतला. तिसऱ्या पानाशी भांडं हिंदकळलं आणि मठ्ठा घड्याळावरून, पट्ट्याच्या कड्याकड्यांतून कोपरापर्यंत गेला. पाण्याची खोली कारखान्यानं मीटरमध्ये दिलेली आहे. मठ्ठ्याबद्दल माहितीपत्रक गप्प आहे. कोथिंबिरीचं एक पान पट्ट्याच्या सांध्यात चार दिवस होतं.

पंगतीत साठ जणांनी ते पाहिलं, ओळखलं दोघांनी. एक होता नवऱ्याकडचा तरुण. त्यानं डोळे बारीक केले आणि आवाज खाली आणला, “काका, फर्स्ट कॉपी ना? कुठे मिळाली?” अशा वेळी अस्सलपणा सिद्ध करू नका. सेकंद काटा टिकटिक न करता कसा तरंगत जातो ते दाखवायला गेलात, तर तो म्हणेल की कॉपीतही हल्ली तसाच जातो, आणि ते खरं आहे.

दुसरे होते आमचे मोठे काका. त्यांच्या हातात एचएमटी, बंगळूरच्या कारखान्याचं, रोज सकाळी देवपूजेनंतर चावी देतात. त्यांनी माझ्या घड्याळाकडे आदरानं पाहिलं. “दिवसाला किती पुढे जातं?” मी अभिमानानं सांगितलं की स्वित्झर्लंडच्या प्रमाणपत्राप्रमाणे दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढ्यातच चालतं. काका खूश झाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या नातवानं हिशेब केला: त्याचं दीड हजाराचं सेलवालं घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद चुकतं, तेवढं माझं तीन दिवसांत चुकू शकतं. मुलांना गणित शिकवतात, कुणासमोर करायचं ते शिकवत नाहीत.

देखभालीबद्दल फार लिहीत नाही, रडू येतं. काही वर्षांनी ते उघडून साफ करावं लागतं, तेल घालावं लागतं, पाणी अडवणारी रबरी कडी बदलावी लागते. त्याचा जो खर्च मला फोनवर सांगितला गेला, तेवढ्यात आमच्या इमारतीच्या लिफ्टची वर्षभराची देखभाल होते. लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात.

इतकं मोलाचं घड्याळ घरात ठेवून झोप लागत नाही. म्हणून शेवटचा सल्ला: ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मुहूर्त बहुधा रविवारी, बँक रविवारी बंद, दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही बंद, तेव्हा लग्नपत्रिका आली की आधी मुहूर्ताऐवजी बँकेचं कॅलेंडर बघा. त्याला सेल नाही, हाताच्या हालचालीनंच चावी मिळते; हातावर नसलं की ते बेचाळीस तासांत थांबतं. त्यामुळे लॉकरमधून काढाल तेव्हा बंदच असेल, मोबाईलवर वेळ बघून लावून घ्या.

परवा मी गेलो होतो. लॉकरच्या खोलीबाहेर रजिस्टर असतं: नाव, लॉकर क्रमांक, आत गेल्याची वेळ, सही. मोबाईल गाडीत राहिला होता. मी भिंतीकडे पाहिलं. गणपतीच्या तसबिरीखाली प्लॅस्टिकचं घड्याळ होतं, त्यात पावणेबारा वाजले होते. ते लिहून सही केली, आत गेलो, मोज्याची गाठ सोडली, सात वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं घड्याळ पाच मिनिटं हातावर घालून पाहिलं, पुन्हा गाठ मारली आणि बाहेर आलो. रजिस्टरजवळ एक आजी पेन शोधत होत्या. माझी नोंद वाचून म्हणाल्या, “ते भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे आहे हो. खोडून लिहा.”