गाडीत बसलेली सायकल

रविवारी सकाळी बजाजनगरच्या चौकात, तर्री पोह्यांच्या ठेल्यामागच्या कट्ट्यावर आम्ही पाच-सहा जण टेकतो. सायकली भिंतीला, हेल्मेटं हँडलला. या रविवारी बाबूनं पोह्यावर तर्री ओतता ओतता सहज सांगितलं, "आपण नागपूर ते कन्याकुमारी करून राहिलो. पण तुकड्यातुकड्यानं."

बाबू बँकेत आहे. त्याची योजना अशी: सुट्टीच्या शनिवारी चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गानं जमेल तितकं जायचं, सायकल रेल्वेगाडीत किंवा बसमध्ये टाकून घरी यायचं, पुढच्या सुट्टीला गाडीनंच तिथं पोचून पुढचा तुकडा करायचा. सतराशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम.

मास्तरनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे हिंगणघाटपर्यंत पॅडल मारायचं अन् गाडीत बसून घरी यायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा गाडीनं हिंगणघाट. याले सायकलिंग नाही म्हणत बे, याले रेल्वेचा पास म्हणतात."

मास्तर ब्रेव्हेवाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलनं मारणारा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, हे हिशेब त्याला पाढ्यासारखे पाठ. तिथं मध्ये गाडीत बसलं की नाव कटलं. त्याच्या मते लांबचा रस्ता म्हणजे सलग रस्ता. तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो, चौथ्या दिवशी डोकं शांत होतं, आणि ते तुकड्यात मिळत नाही. "दर वेळी घरी येऊन वरण-भात खाल्ला तर कन्याकुमारी कशी भेटंल तुले?"

"तुले उन्हाळ्याची सुट्टी आहे," बाबू म्हणाला. "मले दुसरा अन् चौथा शनिवार आहे."

"मग उन्हाळ्यात चाल."

"मे महिन्यात? आदिलाबादच्या रस्त्यावर? तूच जा बाप्पा."

इथं काकांनी तोंड घातलं. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना तत्त्वात रस नाही, सामान कुठं चढतं यात आहे. त्यांनी पेपरच्या कागदावर नकाशाच काढला. बुटीबोरीपर्यंत रस्ता आणि रूळ जोडीनं, मग रूळ सेवाग्रामकडून वळसा घेऊन हिंगणघाटला पुन्हा भेटतात. तिथून रूळ वरोरा, बल्लारशाकडे वळतात आणि रस्ता वडनेर, वडकी, पांढरकवडा करत पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातो. "म्हणजे हिंगणघाटवरून गाडी. पांढरकवड्यावरून बसच. अन् बसचं सांगतो, टपावर कॅरियर असलेल्या जुन्या गाड्या आता कमी झाल्या. कंडक्टरशी आधी बोलायचं, चाक काढून ठेवायचं, लगेजचं तिकीट मागून घ्यायचं. निर्मळला स्टेशनच नाही. आदिलाबाद सोडलं की रस्त्यावरचं कामाचं स्टेशन थेट कामारेड्डी."

मला हे फार आवडलं. आपण टप्पे पायातल्या दमावर ठरवतो. तुकड्यानं जाणाऱ्याचे टप्पे रुळांवर ठरतात. हिंगणघाट ७५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बाबूला दुपारपर्यंत संपणारं. पण पुढचा तुकडा मनात येईल तिथं तोडता येत नाही.

रेल्वेचं मात्र मी सांगितलं, कारण फटका मी खाल्लाय. सायकल पार्सल ऑफिसात दोन तऱ्हेनं जाते. लगेज म्हणून टाकली तर तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात. पार्सल म्हणून टाकली तर जागा मिळेल त्या गाडीनं. मी घाईत फॉर्म न वाचता पार्सल केली. मी पोचलो, सायकल दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस मी सायकलचे कपडे घालून, हातात पंप घेऊन स्टेशनाबाहेर चहा पीत होतो. चूक माझीच. आता गाडीच्या तासभर आधी जातो, पॅडल काढतो, हँडल आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरला गोणपाट बांधतो, पुठ्ठ्यावर नाव आणि दोन्ही स्टेशनं मोठ्या अक्षरात लिहून फ्रेमला लटकवतो. दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवत नाही, तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल उतरवणार कोण? आणि वंदे भारतला ब्रेकव्हॅनच नाही, तिचा वेग आपल्या कामाचा नाही.

"पाहा," मास्तर म्हणाला, "एवढ्या भानगडीत माणूस वर्ध्याला जाऊन परत येते."

तोवर मी बाबूच्या बाजूनं होतो. गाडीनं घरी येण्यात काय पाप आहे? चाक जिथं थांबलं तिथूनच पुन्हा फिरलं की रस्ता अखंड. दिवस तुटले, रस्ता नाही. पण मग बाबू बोलून गेला, "बुटीबोरीपर्यंत ट्रकच ट्रक आहेत, तेवढं मी धरत नाही. सायकल पिकअपमध्ये टाकून बुटीबोरीवरून सुरू करू."

"काहून?" हे मीच ओरडलो. हे चालणार नाही. गाडीनं घरी येणं वेगळं आणि गाडीनं रस्ता गाळणं वेगळं. बुटीबोरी गाळली की उद्या घाट गाळशील, परवा उलटा वारा आहे म्हणून शंभर किलोमीटर गाळशील. मग उरेल ते काय, आवडत्या रस्त्यांची यादी.

मास्तर खूश. इतका खूश की दुसरी प्लेट मागवली. तेवढ्यात काकांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, तू वर्धा रोडले निघतो तेव्हा खापरीपर्यंत कसा जातो?"

मास्तर पोह्यातले चणे वेचायला लागला.

आपल्या मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं. मास्तर दर वेळी झिरो माईलला चढतो आणि शहराच्या टोकाला, खापरीला उतरतो, हे अख्ख्या कट्ट्याला माहीत आहे. त्याची सगळी वर्धा रोडची ताकद खापरीच्या पुढची.

"ते शहर आहे," मास्तर म्हणाला. "सिग्नल आहेत. त्याले रस्ता नाही म्हणत."

"अन् बुटीबोरीले काय म्हणतात?" बाबू.

यावर पुढचा पाऊण तास गेला, तो सगळा लिहीत नाही, बराचसा शिव्यांचा होता. शेवटी ठरलं ते असं: सुरुवात झिरो माईलच्या खांबापासून, पॅडल मारतच, बुटीबोरीसकट. जिथं थांबू तिथल्या किलोमीटरच्या दगडाशी सायकलीचा फोटो, पुढच्या वेळी त्याच दगडापासून. खडूची खूण नको, पावसात जाते.

काकांनी मग नवीनच काढलं. दगडापासून स्टेशनापर्यंत आत गावात जायचं आणि परत दगडापर्यंत यायचं, ते अंतर कोणाच्या खात्यात? बाबू म्हणे मोजायचं, पॅडल तर मारलं. मास्तर म्हणे एक मीटरही नाही.

मास्तर येणार आहे, हे आम्हाला त्यातूनच कळलं. येत्या दुसऱ्या शनिवारी, पहाटे पाचला, झिरो माईलला. मेट्रोनं कोणी यायचं नाही, हेही त्यानंच बजावलं.