काका, ससा भित्रा नाहीये

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, लगेच उत्तर द्यायचं टाळलं कारण नीट लिहायचं होतं. गाण्यांमधल्या सशांवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की एक तर "हाउंड डॉग" या इंग्रजी गाण्यातल्या सशाबद्दल मी चुकीचं लिहिलंय, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे ससा म्हणजे भित्रा आणि शर्यत हरलेला, बास, त्याचं इतकं कौतुक कशाला.

पहिलं शंभर टक्के मान्य. 1953 ला बिग मामा थॉर्नटन या अमेरिकन गायिकेचं जे मूळ गाणं आलं त्यात ससाच नाही, ते एका बाईने आयतं खाणाऱ्या पुरुषाला सुनावलेलं गाणं आहे. कुत्र्याला साधा ससासुद्धा पकडता आला नाही, हे 1955 मध्ये फ्रेडी बेलच्या बँडने घातलं आणि 1956 ला एल्विसने तेच उचललं. लेखात दुरुस्ती केलीये, थँक्यू.

पण दुसरं नाही पटलं. कासवाशी हरलेला ससा मुळात इसापाचा. आभाळ पडलं म्हणून पळणारा आपला, जातककथेतला, तिथे बेलफळ पडतं आणि त्याला वाटतं धरणी फाटली. पण त्याच जातककथांमध्ये अजून एक ससा आहे ना! दारात आलेल्या भुकेल्या ब्राह्मणाला द्यायला काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेणारा. तो ब्राह्मण म्हणजे शक्र, म्हणजे इंद्र, त्याने डोंगर पिळून त्या रसाने सशाचं चित्र चंद्रावर काढलं. कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना आजी "तो बघ ससा" म्हणून दाखवायची तो हाच, आणि शशी, शशांक, शशिकांत या सगळ्या नावांत हाच लपलाय. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा वेगळाच.

आणि बोलीभाषेवरून प्राणी ठरवू नये असं मला वाटतं. लंडनच्या कॉकनी बोलीत रॅबिट म्हणजे बडबड, का तर "रॅबिट अँड पोर्क" हे "टॉक"शी जुळतं म्हणून, बिचारा ससा एरवी तोंडातून आवाजही काढत नाही. आपलं "सशाचं काळीज" पण मला तसलंच वाटतं.

खरा घोळ असा आहे की आपण चुकीचाच ससा डोळ्यासमोर आणतो. पांढराशुभ्र, लाल डोळे, पिंजऱ्यात गाजर खाणारा. तो युरोपातल्या जातीचा, पाळीव, इंग्रजीत रॅबिट. आपला रानससा म्हणजे हेअर, वेगळाच प्राणी, पण मराठीत दोघंही ससाच. रॅबिटची पिल्लं बिळात जन्मतात, उघडीनागडी, डोळे मिटलेली. रानसशाला बीळच नसतं, पिल्लू केसाळ आणि डोळे उघडे घेऊनच येतं.

मागच्या डिसेंबरात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला चालत होतो, गवत वाळलेलं, आणि पायापासून दोन हातांवर एक तपकिरी दगड, आणि त्या दगडाला डोळा होता. कान पाठीला चिकटवलेले, मानेवर काळा पट्टा, फक्त नाक हलत होतं. मी थांबलो तरी तो जागचा हलला नाही. खालून एक मोकाट कुत्रं भुंकत वर आलं तेव्हा सुटला, सरळ नाही, डावीकडे उजवीकडे झोकांड्या देत, आणि घाणेरीच्या जाळीत गायब, कुत्रं नुसतं वास घेत राहिलं. तो बसला होता तिथे हात लावून बघितला, गवत दबून ओंजळीएवढा खळगा झालेला, अजून गरम होता. बीळ नाही, शिंगं नाहीत, कुठे लपायला घर नाही, जवळ आहे काय तर हलायचं नाही आणि वेळ आली की पळायचं, एवढ्यावर हा प्राणी त्या टेकडीवर राहतो काका, त्याला भित्रा कसं म्हणू?

गुडघे साथ देत असतील तर थंडीत एकदा या माझ्याबरोबर. पहाटे निघू, आणि कुत्रा असेल तर त्याला घरीच ठेवा.