"टाकी कधी धुतली आहे का?" – एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर, म्हणजे हायड्रोपोनिक्सच्या (मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर रोपं वाढवण्याच्या) न्यूट्रिएंट टाकीत बुळबुळीत थर का धरतो आणि तो धरू नये म्हणून काय करायचं त्या लेखावर, एक निनावी कमेंट आली आहे. छोटीच आहे म्हणून आधी पूर्ण देते, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं उचललं.

"सगळं पुस्तकी. स्वतः टाकी कधी धुतली आहे का? आठवड्यातून दोनदा हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, विषय संपला, त्याला एवढा मोठा लेख कशाला? पाणी १८ ते २२ डिग्री ठेवा हे लिहायला सोपं, उन्हाळ्यात ठेवायचं कसं ते लिहिलं नाही. आणि एकीकडे बॅसिलस घाला म्हणता, दुसरीकडे पेरॉक्साइड. दोन्ही एकत्र कसं चालणार?"

मतभेद असू शकतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण "कधी धुतली आहे का" हा काय प्रश्न झाला? ओळख ना पाळख, नाव लिहायची तसदी नाही, आणि थेट माणसाची लायकी काढायची. हेच "अमुक मुद्दा पटला नाही, जरा सविस्तर सांगाल का" असं विचारलं असतं तर मी दोन ओळीत नीट उत्तर दिलं असतं आणि हा लेख लिहायची वेळच आली नसती.

तर हो, धुतली आहे. टबात लेट्यूस लावून हा उद्योग सुरू केला तेव्हापासून टाक्या मीच धुते, दुसरं कोण धुणार, वास सुटला की घरातलं कुणी तिकडे फिरकत पण नाही. खांद्यापर्यंत हात घालून तळाचा कोपरा खरवडलाय. एकदा बेसिलची अख्खी खेप गेली तेव्हा एकेक रोप उपटून मुळं बघत बसले होते. तपकिरी मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं की वरचं साल निसटून बोटांत येतं आणि आत नुसता बारीक तंतू उरतो, ते पिथियम, मुळं कुजवणारा रोगजंतू. हे मी पुस्तकात वाचलं होतं, हो, आणि मग हातात धरून पाहिलं. वाचणं हा गुन्हा कधीपासून झाला? पिथियम ही खरी बुरशी नाही, त्याचे बीजाणू पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात, हे मला नुसती टाकी धुऊन कधीच कळलं नसतं.

आता "पेरॉक्साइड टाका, विषय संपला". या वाक्यावर मला खरंच बोलायचं आहे कारण हे वाक्य तुमचं एकट्याचं नाही, जो भेटतो तो हेच सांगतो आणि नवीन माणूस ते ऐकून बाटल्या ओतत बसतो.

पेरॉक्साइड वापरू नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ३ टक्क्यांचं असेल तर लिटरमागे २ ते ३ मिली, म्हणजे ५० लिटरच्या टाकीला १०० ते १५० मिली, हे प्रमाण मीच दिलंय. ते लेखाच्या तळाशी गेलं, वर यायला हवं होतं, एवढं मान्य. झालं समाधान? आणि तुम्ही जे "टाका" म्हणून मोकळे झालात त्यात किती टक्क्यांचं ते कुठे आहे? ३५ टक्क्यांचं आणून कोणी याच मापाने ओतलं तर दहापटीहून जास्त जोर पडतो, मुळं भाजतात, मग त्याला उत्तर कोण देणार, तुम्ही की मी?

पण खरी गोम पुढे आहे. तो बुळबुळीत थर म्हणजे पाण्यात तरंगणारी घाण नाही. बॅक्टेरिया पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करांच्या लांब साखळ्यांचा चिकट गोंद तयार करतात, त्याच्या आत ते सुरक्षित राहतात. पेरॉक्साइड वरच्या थराला भिडतं, फेस येतो, तुम्ही खूश. आतले मात्र तसेच. त्यात बऱ्याच बॅक्टेरियांकडे, आणि मुळांकडेसुद्धा, कॅटॅलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. म्हणजे टाकी जितकी घाण तितकं तुमचं औषध लवकर संपणार, जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच ते सगळ्यात कमी टिकणार. करपलेलं पातेलं नुसतं पाणी ओतून निघतं का? घासावं लागतं.

खोटं वाटत असेल तर डोस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाणी मस्त नितळ दिसत असताना, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) बाहेर काढा आणि त्याची खालची बाजू अंगठ्याने चोळा. मग पंपाच्या सक्शन कपांच्या खाली बोट फिरवा, फ्लोट व्हॉल्व्हच्या मागे, आणि जिथे पाण्याची रेषा वरखाली होते तिथे. अंगठा सरकला की कळेल विषय संपलाय का. जे सुटून आलंय तेही कुठे जात नाही, त्याचे तपकिरी पापुद्रे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, धार बारीक होते, आणि चॅनेलच्या, म्हणजे रोपं लावलेल्या पाइपच्या, शेवटच्या टोकाची रोपं दुपारी माना टाकतात तेव्हा आपण पंपाला शिव्या घालतो. आणि मेलेला स्लाइम, म्हणजे हाच बुळबुळीत थर, पाण्यात राहिला तर पुढच्या पिढीचं खाद्य तेच.

म्हणून लेख मोठा झाला, कारण स्लाइमला मारण्यापेक्षा त्याला खायला घालणं बंद करणं महत्त्वाचं आहे. हिरवं शेवाळ असेल तर त्याला उजेड लागतो. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च टाकीच्या आत धरा, झाकण लावा आणि बाहेरून बघा, जिथे जिथे उजेड झिरपतो तिथून दिवसा आत जातोच. नेट पॉटच्या, म्हणजे रोप बसवायच्या जाळीदार कुंडीच्या, कडेची फट आणि रिकामं ठेवलेलं भोक लोक हमखास विसरतात. तपकिरी बॅक्टेरियल स्लाइमला मात्र उजेडाची गरजच नाही, तो काळ्याकुट्ट टाकीत पण आनंदाने वाढतो, त्याला हवं कोमट पाणी आणि काहीतरी सेंद्रिय. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० डिग्रीला साडेसातच्या आसपास, आणि त्याच वेळी मुळं आणि बॅक्टेरिया दोघंही जास्त ऑक्सिजन मागतात. मुळं गुदमरली की पिथियमला दार उघडंच. तरी पण लोक काय करतात तर त्याच टाकीत मळीवाले, ह्युमिकवाले, माशांपासून केलेले बूस्टर ओततात, मग थर धरला की पेरॉक्साइड, मग परत बूस्टर. एका हाताने जेवू घालायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं. मिनरल न्यूट्रिएंट वापरत असाल तर ते बूस्टर टाकीत घालूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे आणि ते कुणाला आवडो न आवडो.

राहिलेल्या गोष्टी. उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं? टाकी सावलीत घ्या, बाहेरून पांढरी करा, जमत असेल तर जमिनीत अर्धी पुरा, पाण्यात बुडालेला पंप स्वतःच पाणी तापवतो तो बाहेर बसणारा घ्या, बर्फाच्या सीलबंद बाटल्या सोडा, नाहीतर चिलर. प्रत्येकाची जागा वेगळी, मी तुमच्याकडे येऊन थर्मामीटर धरून उभी राहू शकत नाही.

बॅसिलस (मुळांसाठी मुद्दाम पाण्यात घालतात ते चांगले बॅक्टेरिया) आणि पेरॉक्साइड एकत्र चालत नाही, बरोबर, पण एकत्र घाला असं लिहिलंय कुणी? दोन वेगळे परिच्छेद आहेत. एकतर निर्जंतुक पद्धतीने चला नाहीतर चांगले जंतू पाळा. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर पेरॉक्साइडनंतर दोन-तीन दिवस थांबा, ताजं सोल्युशन भरा, मग बॅसिलस. एवढं वाचणाऱ्याला कळेल असं मला वाटलं होतं.

आणि टाकी धुण्याबद्दल इतकी काळजी आहेच तर ऐका. पीक काढलं की टाकी रिकामी करायची, आधी ब्रशने घासून थर काढायचा, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच करून ते पंप चालू ठेवून पाइपमधून फिरवायचं, वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं आणि सगळं खडखडीत वाळू द्यायचं. एअर स्टोन मी धुण्याच्या भानगडीत पडत नाही, बदलते. पीएच डाउनची, म्हणजे पाण्याचा पीएच कमी करायच्या ॲसिडची, बाटली त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा, ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे मूळ लेखात ठळक अक्षरात आहे, पण तुम्ही तिथपर्यंत पोचला असाल असं काही तुमच्या कमेंटवरून वाटलं नाही.