हळद कुणाची?

आमचे हे जूनमध्ये निवृत्त झाले आणि जुलैत त्यांनी म्हातारं न होण्याचं काम अंगावर घेतलं. बँकेत ३६ वर्षं दुसऱ्यांची खाती तपासलेला माणूस आता माझे डबे तपासू लागला.

पहिली पाळी कांद्याची. मी वरचा जाड पापुद्रा काढला की मागून हाक, "अगं, क्वेर्सेटिन चाललं केरात!" ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असतं आणि थकून बसलेल्या, पण जागा न सोडणाऱ्या पेशींना बाहेर काढतं म्हणे. "उंदरांत दिसलंय," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "एका कॅन्सरच्या औषधाच्या जोडीने." म्हटलं, मग ते औषध फोडणीत घालू की वरून?

ब्रोकोली चिरली की चाळीस मिनिटं शिवायची नाही. चिरल्यावर त्यातलं एंझाइम कामाला लागून सल्फोराफेन नावाचं गुणाचं द्रव्य तयार होतं आणि लगेच आच दिली तर एंझाइमच मरतं. हे खरं आहे, मी वाचलं. पण पाहुणे ताटावर बसलेत आणि यजमान गजर लावून ब्रोकोलीकडे बघतोय, हे दृश्य कुणी वाचलेलं नाही.

रेड वाइनबद्दल मात्र त्यांनी फारच मनापासून वाचलं. तिच्यात रेझव्हेराट्रॉल असतं, वय रोखतं म्हणतात ते द्रव्य. मी हिशेब केला: लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम, प्रयोगात माणसांना देतात तसं ग्रॅमभर हवं तर शेकड्यांनी बाटल्या. शिवाय ग्लॅक्सोने या द्रव्यावर काम करणारी कंपनी २००८ साली ७२ कोटी डॉलरला घेतली आणि २०१३ मध्ये तिचं दुकान आवरलं. "त्यांचे ७२ कोटी गेले, तुमचे सातशे वाचवा," म्हटलं. दोन दिवस अबोला होता. बरं वाटलं.

खरा छळ हळदीचा. १९९८ साली बंगळुरूत माणसांना हळदीतलं दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात जवळजवळ काही सापडेना. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर शोषण वीस पटींनी वाढलं. यकृत कर्क्युमिनला आल्या पावली परत पाठवतं, मिरं त्या कर्क्युमिनला दारात अडवून आत ठेवतं. यांनी वजनकाटा आणला. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे दोन ग्रॅमसाठी सदुसष्ट ग्रॅम हळद. रोज! मी पाव किलो आणते ती महिनोन् महिने पुरते.

सासूबाई ८६ वर्षांच्या. त्यांना सांगितलं, जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५ साली दिलं होतं, माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने भांडून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्या म्हणाल्या, "लावायची हळद होती ना? हा पितोय कशाला?"

सदुसष्ट ग्रॅम दोन दिवसांत बारगळलं. तिसऱ्या दिवशी दोन चमचे हळद, मिरपूड, दूध. पेला पिवळा, ओटा पिवळा, माझी पांढरी साडी पिवळी. यांच्या पांढऱ्या मिशाही पिवळ्या. दूधवाल्याने दारातच विचारलं, "वहिनी, घरात कुणाची हळद?"

मग कर्क्युमिन आणि मिऱ्याच्या कॅप्सूल आल्या. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी पाहिली, कॅप्सूलची बाटली फिरवून पाहिली. मिरं फक्त कर्क्युमिनलाच अडवत नाही, दुसऱ्या औषधांनाही अडवून रक्तात वाढवू शकतं. आणि हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. "भाजीतली हळद चालू द्या, हे बंद."

त्या रात्री काटा नाहीसा झाला. यांनी सगळे डबे पालथे घातले. शेवटी तांदळाच्या डब्यात तळाशी सापडला, सासूबाईंच्या जुन्या पदराच्या चिंधीत गुंडाळलेला. त्या देवघरातून म्हणाल्या, "असू दे तिथेच. तांदूळ मोजायला लागतो."